टायरमध्ये नायट्रोजन भरावा की साधी हवा? (मे महिन्यात समृद्धीने नागपूर)

प्रवासी_पुणेकर

नमस्कार मंडळी, मे मध्ये सहकुटुंब नागपूरला जायचं ठरतंय. पुण्याहून संभाजीनगर आणि तिथून पुढे समृद्धी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, ट्यूबलेस टायर, चार वर्षं झाली असतील टायरला. सोबत आईबाबा आणि लेक, सामान पण बऱ्यापैकी, म्हणून जरा जास्तच काळजी वाटतेय कारण समृद्धीवर टायर फुटून गाडी उलटली अशा बातम्या सारख्या वाचनात येतात.

परवा पंपावर हवा भरायला गेलो तर तिथला मुलगा म्हणाला, साहेब समृद्धीला जाताय ना, मग साध्या हवेवर जाऊच नका, साधी हवा उन्हाळ्यात फुगते आणि टायर फुटतो, नायट्रोजन थंड असतो तो फुगत नाही. मी म्हटलं बरं, भर. त्याने पाइप लावला, मशीनवर ३३ पॉइंट (म्हणजे पीएसआय, टायरमधल्या दाबाचं माप) सेट केलं, टूं टूं वाजलं, झालं काम, दोनतीन मिनिटांत चारही टायर. आता घरी आल्यावर प्रश्न पडलाय की आधीची हवा तर त्याने काढलीच नाही, मग हे नायट्रोजन झालं की मिक्स झालं? ऑफिसमधला मित्र म्हणतो मिक्स केलेलं सगळ्यात वाईट, टायर डब्बल फुगतो. आणि रस्त्यात नायट्रोजन मिळाला नाही तर साधी हवा टाकायची की तसंच पुढे जायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा. पैशाचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचा आहे.

स्टेअरिंग_सखी

मी कित्येक वर्षं नायट्रोजनच भरतेय. ठाणे ते अंधेरी रोजचं ड्रायव्हिंग. साधी हवा असायची तेव्हा सारखी दोनतीन पॉइंट उतरलेली असायची, आता बरेच दिवस बघावं लागत नाही, गाडी पण स्मूथ वाटते. आमच्याकडे टॉपअपला टायरमागे दहा-वीस रुपये घेतात, एवढ्यासाठी विचार कसला करायचा? बिनधास्त भरा.

वऱ्हाडी_भाऊ

पुणेकर, नागपूरले येऊन राहिले तं स्वागत हाय भाऊ. पण मे मधी इकडे पारा ४५ च्या वर जाते हे ध्यानात ठेवा. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर लोक उन्हाळ्यात हवा चारपाच पॉइंट कमीच ठेवतात, म्हणजे गरम होऊन फुगली तरी टायरले जागा राहते. नायट्रोजन भरा नाहीतर साधी भरा, पण ३३ च्या जागी २८ भरा, टेन्शन नाही.

सांगलीचा_टायरवाला

वऱ्हाडी भाऊ, राग मानू नका, पण हे २८ चं काही ऐकू नका असंच मी पुणेकरांना सांगणार. माझं टायरचं दुकान आहे, वडिलांपासून हाच धंदा, आणि उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची ही समजूत महाराष्ट्रभर आहे, आमच्याकडे पण आहे. त्यातूनच टायर फुटतात हो.

कारण असं की टायरला मारतं ते आतलं प्रेशर नाही, उष्णता मारते. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, जास्त वाकते आणि परत सरळ होते. तार हाताने वाकवून वाकवून तोडली की ती जागा चटका बसेल एवढी गरम होते ना, तेच इथे होतं, फक्त सेकंदाला पंधरा-सतरा वेळा. आता समृद्धीवर हलक्या गाडीला १२० ची मर्यादा आहे, सरळ काँक्रीटचा रस्ता, मध्ये सिग्नल नाही, गाव नाही, ब्रेक मारायची वेळ नाही, दीड दोन तास सलग त्याच स्पीडला गाडी पळते. शहरात २६ पॉइंटवर चालणारा टायर वर्षभर काही बोलत नाही, इथे तासाभरात आतल्या थराचं रबर सुटायला लागतं. वरून पाच माणसं आणि सामान.

असला टायर दुकानात येतो तेव्हा रिमवरून काढल्यावर आत मूठभर काळी पूड निघते. रबराची पूड. साइडवॉलच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं तर गोल चट्टा लागतो, अस्तर खरवडून धागे दिसायला लागलेले असतात. हवा कमी असताना टायर चालल्याची ही खूण आहे, आणि ती बाहेरून दिसत नाही. मालक म्हणतो उन्हाने फुटला. उन्हाने नाही फुटला, हवा कमी होती म्हणून फुटला, उन्हाने फक्त हातभार लावला.

तेव्हा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो स्टिकर असतो त्यावर बघा, दोन रकाने असतात, एक कमी माणसांचा आणि एक फुल लोडचा. तुम्ही फुल लोड आहात, तो रकाना पकडा. टायरच्या अंगावर मॅक्स म्हणून ४४ किंवा ५१ लिहिलेलं असतं ते भरायचं प्रेशर नव्हे, ती वरची हद्द आहे. नायट्रोजनचं नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

विज्ञानवेडी

टायरवाले दादांनी मुख्य मुद्दा सांगितलाच आहे, मी फुगण्याबद्दल लिहिते कारण रोज वर्गात हेच शिकवते (अकरावी-बारावी, नाशिक).

"नायट्रोजन फुगत नाही" हे सपशेल चूक आहे. आपण जी साधी हवा म्हणतो तिच्यातच ७८ टक्के नायट्रोजन असतो, २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेल्यात बहुतेक आर्गॉन. टायरमधल्या दाबाला आणि तापमानाला हे तिन्ही वायू जवळपास सारखेच वागतात, तापमान वाढलं की त्याच प्रमाणात दाब वाढतो, वायू कोणता याला फरक पडत नाही. थंड किंवा गरम असा नायट्रोजनचा काही स्वभाव नसतो, मशीनमधून येतो तो खोलीच्याच तापमानाचा.

आकडे घालून बघा. पहाटे पुण्यात २५ अंश आहे आणि तुम्ही ३३ पीएसआय भरलं. गेज वातावरणाचा दाब धरत नाही, म्हणून त्यात १४.७ मिळवायचे, झाले ४७.७. हायवेवर टायरच्या आतलं तापमान ६० अंशांवर गेलं असं धरा. केल्विनमध्ये २९८ वरून ३३३. म्हणजे ४७.७ चे झाले ५३.३, त्यातून १४.७ वजा केले की गेजवर साधारण साडेअडतीस. साडेपाच पॉइंटची वाढ. नायट्रोजन असला तरी साडेपाच, कोरडी साधी हवा असली तरी साडेपाच. ही वाढ गाडी आणि टायर बनवणाऱ्यांनी आधीच हिशोबात धरलेली असते, म्हणून तर स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो.

मात्र मी "कोरडी" हा शब्द मुद्दाम वापरला. टायरमध्ये पाणी असेल तर गणित बदलतं. पाण्याची वाफ होते आणि तिचा दाब वेगळा वाढतो. २५ अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब अर्धा पीएसआय सुद्धा नसतो, ६० अंशांना तो जवळपास २.९ होतो. आत थोडं द्रवरूप पाणी साचलेलं असेल तर साडेपाचच्या जागी आठ पॉइंट चढू शकतात. पंपावरच्या नायट्रोजनचा खरा गुण हा आहे की तो कोरडा असतो. पण हा गुण कोरडेपणाचा झाला, नायट्रोजनचा नाही.

रत्नागिरीकर

विज्ञानवेडी ताईंच्या पाण्याच्या मुद्द्याला कोकणातून जोरदार अनुमोदन. आमच्याकडे पावसाळ्यात हवेत इतका दमटपणा असतो की कॉम्प्रेसरच्या टाकीत रोज पाणी साचतं. टाकीच्या बुडाला एक छोटा कॉक असतो, तो रोज सकाळी उघडून पाणी काढायचं असतं. आमच्या नाक्यावरचा पंक्चरवाला चांगला माणूस आहे, मी एकदा त्याला म्हटलं कॉक उघड बघू, तर आधी फस्स करून तांबूस दुधाळ पाणी आलं, ऑइल मिसळलेलं, बराच वेळ येत राहिलं, मग कुठे कोरडी हवा आली. ते सगळं थोडं थोडं लोकांच्या टायरमध्ये जात होतं. लोखंडी रिम असेल तर आतून गंज धरतो, गंजाचे पोपडे टायरच्या कडेला येऊन बसतात आणि रिमच्या बाजूने हळूहळू हवा गळते. वाल्वची पिन पण खराब होते.

त्यामुळे माझं मत असं की समुद्राकडच्या लोकांनी नायट्रोजन घेतला तर पैसे अगदीच वाया जात नाहीत. नाहीतर पंक्चरवाल्याला टाकीचं पाणी काढायला सांगा, ते फुकट आहे.

प्रवासी_पुणेकर

बापरे, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. म्हणजे माझा पंपवाला फुगण्याबद्दल चुकीचं सांगत होता. पण मग विमानात आणि फॉर्म्युला वनमध्ये नायट्रोजन का वापरतात? तोपण हेच सांगत होता, विमानात हाच असतो साहेब म्हणून. आणि मिक्सचं काय?

हँगर_नऊ

विमानाचं मी सांगतो, उभी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली, आता निवृत्त आहे.

विमानात नायट्रोजन असतो हे खरं, पण कारण वेगळंच आहे. मोठ्या विमानाच्या टायरमध्ये दोनशे पीएसआयच्या आसपास दाब असतो, आणि उतरताना ब्रेक इतके तापतात की चाक आणि टायर प्रचंड गरम होतात. त्या उष्णतेत टायरच्या आतलं रबर विघटन पावून ज्वलनशील वायू सुटतात, आणि आत ऑक्सिजन असेल तर ते पेटून टायरचा स्फोट होतो. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकोत हेच झालं. मेक्सिकाना कंपनीचं बोइंग ७२७, फ्लाइट ९४०, मेक्सिको सिटीहून निघालं, ब्रेक अडकून तापला होता, टायरमध्ये नायट्रोजनच्या जागी साधी हवा भरलेली होती, हवेत असताना टायरचा स्फोट झाला, इंधनाच्या आणि हायड्रॉलिकच्या लाइन तुटल्या, आग लागली. विमानातले सगळे १६७ जण गेले. त्यानंतर अमेरिकेच्या एफएएने (तिथली विमान वाहतुकीचे नियम करणारी सरकारी संस्था) मोठ्या प्रवासी विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांमध्ये नायट्रोजन किंवा तसाच निष्क्रिय वायू सक्तीचा केला, टायरमध्ये ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या वर नको. आमच्याकडे त्यामुळे याबाबत कोणतीही सवलत नव्हती, टॉपअप सुद्धा नायट्रोजनचंच.

दुसरं कारण ओलावा. वर बाहेरचं तापमान उणे पन्नासच्या खाली जातं, टायरमध्ये पाणी असेल तर ते गोठतं.

आता तुमच्या गाडीत दाब ३३, आणि नेहमीच्या वापरात टायर आतून पेटण्याइतकी उष्णता होतच नाही. तेव्हा विमानाचा दाखला गाडीला लागू होत नाही. खाणीतले मोठे डंपर असतात त्यांना मात्र होतो, तिथेही टायर आतून पेटून स्फोट होण्याचा धोका असतो म्हणून नायट्रोजन वापरतात. शर्यतीच्या गाड्यांना हवा असतो तो कोरडेपणा, कारण तिथे अर्ध्या पॉइंटच्या फरकाने गाडीची पकड बदलते.

स्टेअरिंग_सखी

हँगर_नऊ काका, अंगावर काटा आला वाचून. माहितीबद्दल आभार.

पण मंडळी, माझा अनुभव खोटा नाहीये ना. नायट्रोजन घेतल्यापासून हवा खरंच कमी उतरते. ते का मग?

मिनेसोटाकर

सखी, अनुभव खरा आहे तुमचा. ऑक्सिजन रबरातून नायट्रोजनपेक्षा तीनचार पट लवकर बाहेर पडतो, त्यामुळे साध्या हवेतला ऑक्सिजन आधी झिरपतो आणि दाब उतरतो. इथे अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या संस्थेने याची चांगली चाचणी घेतली होती, २००७ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. ३१ प्रकारचे टायर घेतले, प्रत्येकी एक नायट्रोजनने भरला, एक साध्या हवेने, ३० पीएसआयवर, आणि वर्षभर बाहेर नुसते ठेवून दिले. वर्षाने नायट्रोजनवाले सरासरी २.२ पीएसआय उतरले आणि हवेवाले ३.५. फरक आहे, पण अख्ख्या वर्षाचा सव्वा पॉइंट. आणि त्यांनी भरताना आतली हवा पुन्हा पुन्हा काढून नीट नायट्रोजन भरला होता, आपल्या पंपासारखं नव्हे. नंतर २००९ मध्ये इथल्या सरकारच्या एनएचटीएसए या रस्तासुरक्षा संस्थेने पण प्रयोगशाळेत बघितलं, रोलिंग रेझिस्टन्समध्ये (टायर फिरताना होणाऱ्या अडथळ्यात) नायट्रोजनमुळे थेट फरक आढळला नाही. म्हणजे मायलेज वाढतं म्हणतात ते प्रेशर बरोबर राहिल्यामुळे वाढत असेल तर तेवढंच.

तुमची हवा सारखी दोनतीन पॉइंट उतरत होती म्हणता, ते रबरातून झिरपणं नसणार, वाल्व किंवा रिमचा बारीक लीक असावा. नायट्रोजन भरताना पिन बदलली किंवा टायर नवा बसवला असं काही झालं होतं का?

अवांतर: इथे कॉस्टको या दुकानांच्या साखळीकडून टायर घेतले की ते नायट्रोजनच भरून देतात, वेगळे पैसे नाहीत. बऱ्याच ठिकाणी गाडी घेताना मात्र बिलात नायट्रोजनचे वेगळे पैसे लावतात, वाल्वला नायट्रोजनची खूण म्हणून हिरवी टोपी घालून. आणि आमच्याकडचा प्रश्न तुमच्या उलटा, ऑक्टोबरमध्ये भरलेली हवा जानेवारीत उणे पंचवीसला सात-आठ पॉइंट खाली जाते आणि सकाळी डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा. नायट्रोजनवाल्यांचा पण लागतो.

स्टेअरिंग_सखी

हो! तेव्हाच चारही टायर नवीन टाकले होते आणि नायट्रोजन त्या दुकानदारानेच भरून दिला होता. म्हणजे वाल्व पण नवीनच आले की. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सांगलीचा_टायरवाला

सखीताई, असंच असतं बहुतेक वेळा. नवीन टायर, नवीन वाल्व, रिमची कड साफ केलेली, आणि श्रेय जातं नायट्रोजनला. हवा उतरते आहे असं वाटलं तर आधी टोपी काढून वाल्वच्या तोंडावर थुंकी लावून बघा, बुडबुडा आला की पिन गेली, ती दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. मग रिमच्या कडेने साबणाचं पाणी. आणि टोपी कायम लावत चला, हिरवी असो की काळी, तिच्यामुळे धूळ आत जात नाही.

आता पुणेकरांचं मिक्सचं. मित्राला सांगा काही डब्बल फुगत नाही, हवेत आधीच नायट्रोजन आहे त्यात अजून थोडा नायट्रोजन गेला, बास. रस्त्यात टायर कमी दिसला तर जे मिळेल ते भरा, साधी हवा, नायट्रोजन, सायकलच्या पंपाची हवा, काहीही. नायट्रोजन मिळाला नाही म्हणून चार पॉइंट कमीवर पुढचे शंभर किलोमीटर जाणं हा खरा धोका. मला या धंद्यात सगळ्यात जास्त चीड याचीच येते, लोक नायट्रोजनच्या हौसेपायी पंपावरची फुकटची हवा घेत नाहीत आणि महिनोन् महिने कमी हवेवर फिरतात.

आणि तुमच्या त्या मुलाने जे केलं ते नायट्रोजन भरणं नव्हेच. नीट भरायचं तर टायर पूर्ण रिकामा करायचा, भरायचा, परत रिकामा, परत भरायचा. मशीनला त्याचं बटण असतं, दहा-पंधरा मिनिटं जातात, मागे गाड्यांची लाइन लागलेली असते म्हणून कोणी करत नाही.

विज्ञानवेडी

याचा हिशोब करून बघितला, सोपा आहे. पंपावरची मशीन बाहेरच्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नायट्रोजन देते, शंभर टक्के शुद्ध नसतो, ९५ टक्के धरू. पुणेकरांच्या टायरमध्ये २८ पीएसआय साधी हवा होती आणि त्यावर ३३ पर्यंत टॉपअप केला असं समजा. आधी २१ टक्के असलेला ऑक्सिजन आता १९ टक्क्यांच्या थोडा वर. म्हणजे पैसे दिले नायट्रोजनचे आणि टायरमध्ये आहे ती जवळपास साधी हवाच.

टायर पूर्ण रिकामा केला तरी आत वातावरणाच्या दाबाची हवा राहतेच. त्यावर ३३ भरलं तर ऑक्सिजन साधारण १० टक्के. परत रिकामा करून परत भरला तर साडेसहा. म्हणून दोनदा. एकदा असा नीट भरला की मग पुढचे टॉपअप नायट्रोजनचे करण्यात थोडा तरी अर्थ आहे.

वऱ्हाडी_भाऊ

टायरवाले दादा, राग कायचा, उलट बरं झालं सांगितलं. पण मले एक सांगा, गाडी दोन तास चालवून ढाब्यावर थांबलो, गेज लावला तं ३९ दाखवते. तवा तं हवा काढाचीच ना? आमच्याकडे सगळेच काढतात.

सांगलीचा_टायरवाला

अजिबात नाही भाऊ. ताईंनी वर हिशोब दिलाच आहे, ३३ चे साडेअडतीस होणारच. गरम टायरमधून हवा काढून ३३ केलीत की थंड झाल्यावर ती २८ भरते, मग परत तेच, कमी हवा, जास्त वाकणं, जास्त उष्णता. गाडीचा टायर ३९ ने फुटत नाही. फुटायचं प्रेशर अंगावर छापलेल्या मॅक्सच्या पण कितीतरी वर असतं. वेगाचंही तेच, अंगावर शेवटी एस लिहिलेला टायर १८० साठी असतो, टी १९० साठी, एच २१० साठी, पण ही हमी हवा आणि वजन बरोबर असेल तरच.

हां, एका टायरमध्ये ३९ आणि बाकीच्या तिघात ३६ असं दिसलं तर मात्र थांबून बघा. तो टायर जास्त तापतोय म्हणजे बहुधा ब्रेक धरतोय. रिमजवळ हात नेला तरी समजतं.

वकिली_डोकं

दोन गोष्टींची भर घालतो. जुलै २०१९ मध्ये यमुना एक्सप्रेसवेवरच्या बस अपघातानंतर नितीन गडकरींनी राज्यसभेत सांगितलं होतं की टायरच्या रबरात सिलिकॉन आणि साध्या हवेच्या जागी नायट्रोजन सक्तीचा करायचा सरकारचा विचार आहे. नायट्रोजन म्हणजे सुरक्षित हे लोकांच्या मनात पक्कं बसलं त्याला हेपण एक कारण असावं असं मला वाटतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये एका निकालात स्पष्ट म्हटलंय की टायर फुटणं ही देवाची करणी नाही, माणसाचा निष्काळजीपणा आहे. २०१० चा अपघात, पुण्याहून मुंबईकडे येणारी गाडी, मागचं चाक फुटून गाडी दरीत गेली आणि एक प्रवासी गेला. इन्शुरन्स कंपनी म्हणत होती टायर फुटणं कोणाच्या हातात नसतं, आम्ही भरपाई देणार नाही. कोर्टाने ते फेटाळलं आणि सव्वा कोटीच्या आसपासची भरपाई कायम ठेवली. कोर्टाने म्हटलंय की टायर फुटायला जास्त वेग, कमी हवा, जास्त हवा, जुना टायर, तापमान अशी कारणं असतात आणि निघण्याआधी टायर बघणं चालवणाऱ्याचं काम आहे. माझ्या मते हा निकाल टोलनाक्यावर बोर्डावर लिहून लावायला हवा.

प्रवासी_पुणेकर

वकीलसाहेब, हा निकाल माहीतच नव्हता, धन्यवाद. तुम्ही जुन्या टायरचं लिहिलंत म्हणून आत्ताच खाली जाऊन बघून आलो. टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे आहेत ३११९, याचा अर्थ काय? आणि दुसरी अडचण, थंड टायरवर हवा बघायची म्हणता पण आमचा पंप तीन किलोमीटर आहे, तिथे पोचेपर्यंत टायर गरम होणारच.

सांगलीचा_टायरवाला

३१ वा आठवडा, २०१९ साल. म्हणजे टायर बसवून चार वर्षं झाली असतील तरी तो बनलाय त्याच्या आधी. दुकानात पडून असेल. आता फोटो टाका, नाहीतर उजेडात साइडवॉल बघा, केसासारख्या बारीक भेगा दिसतात का. खाचांमध्ये आडवी उंच रेघ असते, टीडब्ल्यूआय, ती १.६ मिलिमीटरची खूण, नक्षी तिथपर्यंत झिजली असेल तर टायर संपला. भेगा असतील तर नायट्रोजनचे पैसे बाजूला ठेवा आणि टायर बदला, लेकरू सोबत आहे.

पंपाचं सोपं आहे. एक डिजिटल गेज घ्या, काही शे रुपयांना मिळतो. सकाळी घरीच, गाडी रात्रभर उभी असताना, मोजा. समजा २९ आलं आणि पाहिजे ३३, म्हणजे ४ कमी. पंपावर पोचल्यावर तोच टायर ३१ दाखवेल, तिथे ३१ अधिक ४ असं ३५ भरून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी परत मोजा, ३३ च्या आसपास यायला पाहिजे.

वऱ्हाडी_भाऊ

आणि नागपुरात मोजाल तं पहाटेच मोजा, गाडी सावलीत असतानी. दुपारी ४३ मधी नुसती उभी गाडी पण पुण्याच्या सकाळपेक्षा तीन पॉइंट जास्त दाखवते, आता मले पण हिशोब जमला. तवा हवा काढू नका. मी पण आमच्या गाडीची हवा आज ३३ करून घेतली.

प्रवासी_पुणेकर

भेगा आहेत. मागच्या दोन्ही टायरला, खांद्याजवळ. फोटो टाकतोय. टायरवाले दादा, दोन बदलले तर चालतील की चारही?

सांगलीचा_टायरवाला

फोटो बघितला, मागचे दोन नक्की गेले. पुढच्या दोनची तारीख पण २०१९ च असेल तर चारही घ्या. पुढचे नंतरचे असतील, भेगा नसतील आणि नक्षी शिल्लक असेल तर दोनच घ्या, पण नवीन दोन मागे लावून घ्या. मागची पकड सुटली तर गाडी फिरते आणि सावरता येत नाही. नवीन टायरची तारीख दुकानात बसवायच्या आधी वाचा. वाल्व नवीन टाकायला सांगा, जुनेच ठेवू नका. अलाइनमेंट, बॅलन्सिंग करून घ्या आणि निघायच्या आधी शेदोनशे किलोमीटर शहरात चालवा.

स्टेपनी पण काढून बघा, ती सगळे विसरतात, वर्षानुवर्षं डिकीत पडून १५ पॉइंटवर आलेली असते. तिच्यात दोनतीन पॉइंट जास्तच ठेवा, लागली तर काढता येते. स्टेपनी लहान आकाराची असेल तर तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते, बहुतेक ८०, आणि प्रेशर पण वेगळं असतं, काहींना ६० पॉइंट लागतं, तेही तिच्यावरच लिहिलेलं असतं.